नसलेल्या भोकाचा शोध

सकाळी आठ वाजता घरातली चार माणसं हॉलच्या फरशीवर पालथी पडून एका निळ्या गादीचं म्हणणं ऐकत होती.

बाबांनी गादीला उजवा कान लावला होता, आईनं डावा. आजोबांनी आपलं श्रवणयंत्र काढून थेट गादीवर ठेवलं होतं, कारण त्यांच्या मते त्यांच्या कानापेक्षा यंत्र जास्त हुशार होतं. आता त्या यंत्राला काय ऐकू येतंय हे आजोबांना कसं ऐकू येणार, हा प्रश्न विचारायची ती वेळ नव्हती. चौथी होती भिंगरी. ती साबणाच्या पाण्यात बुडवलेला ब्रश घेऊन गादीच्या शिवणीवरून इंच इंच पुढे सरकत होती. बुडबुडा आला की भोक सापडलं. इतकं सोपं.

बुडबुडा येत नव्हता.

"आवाज येतोय!" बाबा ओरडले. "सूंऽऽ असा!"

"तो तुमच्या नाकाचा येतोय," आई म्हणाली. "सर्दी झालीय तुम्हाला."

ही गादी हवेची होती. पंपानं भरायची आणि नको असेल तेव्हा घडी करून कपाटात टाकायची. साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद. ती घरात आणायची कल्पना भिंगरीची होती, आणि त्यामागे तिचा जीव अडकला होता. गोष्ट अशी, की भिंगरीला यंदा, म्हणजे दहावीत गेल्यावर, आयुष्यात प्रथमच स्वतःची खोली मिळाली होती. खोली कसली, बाबांच्या जुन्या फायलींचं गोदाम होतं ते. पण फायली माळ्यावर गेल्या, टेबल आत आलं, आणि भिंगरीनं भिंतीवर स्वतःच्या हस्ताक्षरात वेळापत्रक चिकटवलं. बरोबर अकरा दिवस तिनं ते पाळलंसुद्धा. बाराव्या दिवशी आत्यांचं पत्र आलं. दातांचं मोठं काम करायचं आहे, दंतवैद्य तुमच्याच गावात आहे, सहा आठवडे राहायला येत आहे.

सहा आठवडे! आणि आत्या कोण, तर मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना घरात सगळेच अहोजाहो करत. बाबा धाकटे भाऊ म्हणून करत, आई वहिनी म्हणून करत, आणि आजोबा, जे त्यांचे सख्खे वडील होते, ते खबरदारी म्हणून करत. अशा माणसाला हॉलमध्ये झोपवणं शक्यच नव्हतं. बाबांनी एका वाक्यात निकाल दिला, "भिंगरीची खोली." म्हणजे भिंगरी परत हॉलमध्ये, आजोबांच्या घोरण्याच्या टप्प्यात.

भिंगरी रडली नाही. रडण्याचे दिवस नववीत संपले होते. ती हवेच्या गादीची जाहिरात घेऊन आली आणि तिनं उभ्या उभ्या भाषण ठोकलं. आई-बाबांच्या खोलीत एसी आहे, पलंग आणि भिंत यांच्या मध्ये ही गादी अगदी बेतानं मावते, आत्यांना तिथे थंड हवेत झोपता येईल, आई पलंगावर, बाबा हॉलमध्ये. बाबांनी "मी हॉलमध्ये का?" असं विचारलं, पण तो मुद्दा कुणी पुढे नेला नाही.

आत्या आल्या, त्यांनी गादी चारी बाजूंनी पाहिली आणि अट घातली. "तीन दिवस दुपारी मी यावर झोपून बघणार. टिकली तर ठीक. नाही टिकली तर मी मुलीच्या खोलीत. तोवर रात्री तिथेच झोपते." आणि आपली ट्रंक त्यांनी भिंगरीच्या टेबलावर ठेवली. वेळापत्रकाच्या बरोब्बर समोर.

पहिल्या दुपारी बाबांनी गॅलरीतल्या उन्हात उभं राहून गादी टम्म फुगवली. चौघांनी ती मिरवणुकीसारखी आत नेली. आत्यांनी एसी अठरावर लावला, त्या आडव्या झाल्या आणि घरात श्वाससुद्धा हळू घेतले जाऊ लागले. तासाभरानं आतून हाक आली. जाऊन पाहतात तर गादीचा मधला भाग खाली गेलेला, दोन्ही कडा वर आलेल्या, आणि पाकिटात पत्र असावं तशा आत्या मधोमध.

"मला बाहेर काढा," पत्र म्हणालं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हे भोकसंशोधन चाललं होतं.

संशोधनाची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू मेणबत्ती घेऊनच उतरल्या. "गादीजवळ ज्योत धरा," त्या म्हणाल्या, "जिथे हलेल तिथे भोक." ज्योत धरली. ती सगळीकडे हलली. काकूंनी सतरा भोकं मोजली आणि प्रत्येकावर खडूनं फुली मारली. मग आईच्या लक्षात आलं की डोक्यावर पंखा चालू आहे. पंखा बंद केला तर ज्योत एकदम शहाण्या मुलीसारखी ताठ, पण तोवर पडद्याची एक कड तपकिरी झाली होती.

त्यानंतर इमारतीचे सेक्रेटरी आले. ते कुठल्याही प्रसंगी बोलण्याआधी दोन्ही हात मागे बांधत, त्यामुळे ते आता बोलणार हे लांबूनच कळायचं. त्यांनी हात मागे बांधले. "हवेच्या वस्तूंवर माणसानं विश्वास टाकू नये," ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता गेले.

शेवटी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. तो आपलं पाण्याचं घमेलं घेऊन आला आणि गादी पाहून थबकला.

"ही घमेल्यात कशी बुडवायची?"

"एकेक कोपरा बुडवू," बाबा म्हणाले.

एकेक कोपरा बुडवला. मग एकेक बाजू. मग पोट. हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी झालं, आजोबा पाय वर घेऊन खुर्चीत बसले, पण गादीतून एक बुडबुडा निघेल तर शपथ. पंक्चरवाल्याचा चेहरा उतरत गेला. "तीस वर्षं झाली साहेब," तो म्हणाला, "माझ्या हातून एक भोक निसटलेलं नाही. मोटारीचं म्हणू नका, सायकलचं म्हणू नका. एकदा तर फुटबॉलचं काढलं." मग स्वतःच्या अब्रूसाठी त्यानं तीन ठिकाणी ठिगळं लावली.

"तिथे भोक होतं का?" भिंगरीनं विचारलं.

"नव्हतं," तो म्हणाला, "पण संशय होता."

त्याच दिवशी दहाच्या सुमाराला बाबा आणि भिंगरी गादी गुंडाळून कंपनीच्या दुरुस्ती केंद्रावर गेले. इथे बाबांच्या नोकरीविषयी एक शब्द सांगणं भाग आहे. बाबा एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होते. लोकांचे अर्ज त्यांच्या टेबलावर येत आणि त्यातले बरेचसे "पुरावा जोडावा" असा शेरा घेऊन परत जात. बावीस वर्षांत त्यांनी हा शेरा इतक्या वेळा लिहिला होता, की भिंगरीच्या प्रगतिपुस्तकावर सही करतानाही त्यांचा हात आधी त्या दिशेला वळायचा.

दुरुस्ती केंद्र म्हणजे पत्र्याची शेड होती. भट्टीसारखी तापलेली. टेबलामागच्या माणसानं फॉर्म वाचला आणि बोट ठेवलं.

"रकाना क्रमांक सात कोरा आहे. भोकाचं ठिकाण."

"भोक सापडत नाही म्हणून तर आलोय."

"मग तक्रार कशाची?"

"हवा जाते."

"कुठून?"

"अहो, तेच तर!"

"साहेब," तो माणूस अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "हमी भोकाची आहे. भोक दाखवा, नवी गादी न्या. नुसत्या हवेवर आम्ही कसा विश्वास ठेवणार? पुरावा जोडावा लागेल."

बाबांचा चेहरा पाहून भिंगरीला पहिल्यांदाच त्यांची कीव आली. माणूस आपल्याच वाक्याखाली सापडला की कसा दिसतो, हे तिनं त्या दिवशी पाहिलं. "नियम बरोबर आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नियमाला नावं ठेवता येणार नाहीत." आणि कोपऱ्यातल्या बाकावर जाऊन बसले.

केंद्रातल्या लोकांनी गादी भरली, शेडच्या मधोमध ठेवली आणि दोन तास थांबायला सांगितलं. दोन तासांनी ती सैल होण्याऐवजी इतकी कडक झाली होती, की त्या माणसानं तिच्यावर टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज आला. त्यानं प्रमाणपत्र लिहिलं, "दोष आढळला नाही." खाली शिक्का. बाबांनी शिक्का उजेडात धरून तपासला. शिक्का खरा होता.

घरी येऊन गादी पुन्हा गॅलरीत भरली, पुन्हा आत नेली, आत्यांनी पुन्हा अठरावर एसी लावला, आणि चार वाजता पुन्हा पाकिटातून पत्र काढावं लागलं.

"दोन झाल्या," आत्या पदर सावरत म्हणाल्या. "उद्या तिसरी."

आता आपल्या खोलीचं काय होणार हे भिंगरीला स्पष्ट दिसत होतं. पण हार मानायची तर ती तिसऱ्या दुपारनंतर, आधी नाही, असं तिनं ठरवलं. "गादी खोटं बोलते, नाहीतर आपण चुकतोय," तिनं आजोबांना सांगितलं.

"गादी बोलली?" आजोबांनी घाईघाईनं श्रवणयंत्र शोधत विचारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र एक गोष्ट घडली. ठिगळांचा चिकटपणा वाळावा म्हणून आईनं ती मलूल गादी, तोंड बंद होतं तशीच, गॅलरीत उन्हात टाकली. नऊ वाजता भिंगरी दात घासत तिथे गेली तर गादी टम्म.

"कोणी भरली?"

कोणीच नाही. आई स्वयंपाकघरात होती. बाबा दाढी करत होते आणि अर्ध्या फेसासकट शपथ घ्यायला तयार होते. संशय आजोबांवर गेला, पण आजोबांना पंप उचलायला सांगितला तर तो गुडघ्याच्या वर गेला नाही.

भिंगरीच्या तोंडातला ब्रश थांबला. वायूंच्या धड्यातली तीन माणसं, दाब, आकारमान आणि तापमान, तिला चांगली ओळखीची होती. चाचणीत त्यांच्यावर तिला दहापैकी दहा मिळाले होते. तापमान केल्विनमध्ये घ्यावे, वायूचे वस्तुमान कायम असावे, वगैरे वगैरे. पण पुस्तकात ती माणसं काचेच्या नळीत राहायची. ती आत्यांच्या अंगाखाली येऊन झोपतील हे कुठल्याही प्रश्नपत्रिकेत आलं नव्हतं!

ती तोंड न धुताच कामाला लागली. भिंतीवरचा तापमापक उचलला. घरातला सगळ्यांत जाड शब्दकोश घेतला आणि फूटपट्टी. उन्हात गादीवर शब्दकोश ठेवला तर तो एक बोट खाली गेला. गादी आतल्या थंड खोलीत नेऊन अर्धा तास थांबली, तर चार बोटं. परत उन्हात, परत एक बोट. परत आत, परत चार. साडेअकरापर्यंत तिनं ही वारी इतक्या वेळा केली, की आईनं विचारलं, "फिरायला नेतेस का तिला?"

"आई, बाबा, आजोबा, इकडे या," ती म्हणाली. तिचा आवाज इतका ठाम होता की बाबा रुमालसुद्धा न घेता आले. "भोकातून गेलेली हवा भोकातून परत येते का?"

"नाही," बाबा म्हणाले. "जावक ती जावक."

"मग ही परत येतेय. म्हणजे ती गेलेलीच नाही! आपण गरम हवा भरतो आणि थंड खोलीत नेतो. थंड झाली की तीच हवा कमी जागेत मावते, दाब कमी होतो, गादी बसते. दुरुस्ती केंद्रात शेड तापलेली होती, म्हणून ती बसली नाही. भोक नाहीच आहे."

काल सकाळभर नसलेल्या भोकासाठी पाण्यात उभं राहिलेल्या माणसांना हे पचायला जरा वेळ लागणारच.

"मग ठिगळं?" बाबांनी विचारलं.

"संशयाला लावलीत," आई म्हणाली.

पुढचं सोपं होतं, निदान वाटत होतं. भिंगरीनं हुकूम सोडले. एसी तासभर आधीच लावायचा, खोली थंड करायची आणि मग गादी तिथेच, त्याच थंड हवेनं भरायची. चांगली घट्ट. म्हणजे बसायचा प्रश्नच नाही. बाबांनी स्वेटर घालून पंप मारला. गादी पलंग आणि भिंतीच्या मध्ये चपखल बसली. पलीकडच्या टोकाला कपाट, अलीकडच्या टोकाला दार, आणि आत उघडणारं ते दार गादीला न खेटता फिरायचं. मध्ये दोन बोटं जागा. भिंगरीनं ती बोटं घालून पाहिली. दोन म्हणजे दोन.

एक वाजता आत्या आडव्या झाल्या. दोन वाजता भिंगरीनं दार किलकिलं करून पाहिलं. गादी सपाट, आत्या सपाट, चेहऱ्यावर समाधान. भिंगरीनं हॉलमध्ये येऊन बाबांना दोन्ही हात वर करून दाखवले. बाबांनी उभं राहून तिच्याशी हस्तांदोलन केलं, जे ते फक्त बदली होऊन जाणाऱ्या साहेबांशी करत.

सव्वादोनला वीज गेली.

पाच मिनिटं कुणाला काही वाटलं नाही. वीज जाते, येते. पण ती खोली पश्चिमेची होती, दुपारचं ऊन सरळ खिडकीतून गादीवर उतरायचं, आणि गादी गडद निळी. पावणेचारला आतून हाक आली. ही हाक पाकिटातल्या पत्राची नव्हती. वरच्या पट्टीतली होती.

"दार उघडत नाही!"

बाबांनी बाहेरून ढकललं. दार चार बोटं उघडलं आणि टणक, निळ्या कशावर तरी आदळून थांबलं. फटीतून भिंगरीनं पाहिलं. गादी एखाद्या गाभण म्हशीसारखी फुगली होती. ती कपाटाला रेटून बसली होती, दाराला रेटून बसली होती, आणि वर घामाघूम झालेल्या आत्या. थंड हवेनं घट्ट भरलेली गादी तापली तर काय होईल, हा गणिताचा दुसरा भाग भिंगरीनं सोडवलाच नव्हता.

"तोंड सोडा, ताई! हवा सोडायचं तोंड!" बाबा ओरडले.

"ते पलंगाच्या बाजूला आहे, आणि पलंगाच्या लाकडाला दाबून बसलंय. माझा हात जात नाही. मी शिक्षिका आहे, प्लंबर नाही!"

मग काय, इमारत जमली. वरच्या काकू या खेपेस मेणबत्तीशिवाय आल्या, एवढंच भाग्य. सेक्रेटरी आले आणि त्यांनी हात मागे बांधले. "दार तोडण्याचा विचार असेल तर," ते म्हणाले, "इमारतीच्या रचनेत बदल करण्यासाठी कमिटीचा ठराव लागतो. मी आजच बैठक बोलावू शकतो. सात दिवसांची सूचना देऊन."

"सात दिवस?" आतून आत्या.

"तातडीची असेल तर तीन."

बाबांनी पंक्चरवाल्याला बोलावून आणलं. तो टोच्या घेऊन आला, फटीतून आत डोकावला आणि त्याच्या चेहऱ्यावर काही वेगळंच तेज आलं.

"म्हणजे आता पाडायचं?" तो म्हणाला. "काल इतकं शोधलं, आता आपल्या हातानं पाडायचं? हात आत जातोय साहेब. एक टोचा, संपलं काम."

"मार," बाबा म्हणाले.

"नाही!"

भिंगरी दार आणि टोच्या यांच्या मध्ये उभी होती. तिला माहीत होतं, एकदा गादीला खरं भोक पडलं की ट्रंक टेबलावरून कधीच हलणार नाही. सहा आठवडे. आणि घरात जन्मभर ऐकावं लागणार, भिंगरीची ती गादी.

"पंधरा मिनिटं द्या मला," ती म्हणाली. "नाही उघडलं दार, तर मी स्वतः टोचते."

"अगं, आत माझी बहीण उकडतेय!"

"म्हणूनच तर. गादी पण उकडलीय. दोघींना थंड करायचंय." तिनं तोंड फटीला लावलं. "आत्या, ऐका. आधी खिडकीचा पडदा ओढून घ्या. आईनं ठेवलेला पाण्याचा मोठा तांब्या आहे ना उशाशी? चादर ओली करा आणि गादीवर पसरा. आणि तुम्ही पलंगावर जाऊन बसा, कारण गादीवर तुमच्या—"

बाबांनी मागून तिचा दंड पकडला. आत्यांच्या वजनाचा उल्लेख या घरात आजवर कुणी केला नव्हता.

"—तुमच्या उपस्थितीमुळे दाब वाढतोय," भिंगरी म्हणाली.

मग मुख्याध्यापिकेचा आवाज आला, घामातसुद्धा इस्त्री केलेला. "कारण सांग. कारण कळल्याशिवाय मी आयुष्यात चादर ओली केलेली नाही."

आणि अशा रीतीनं एका बंद दाराआडून, जिन्यापर्यंत उभ्या असलेल्या प्रेक्षकांसमोर, भिंगरीची तोंडी परीक्षा सुरू झाली.

"गादीतली हवा तापली म्हणून ती फुगलीय, आत्या."

"फुगलीय नव्हे. नीट बोल."

"आकारमान वाढलंय. आणि दाबही."

"हवा कुणी जास्त भरली का?"

"नाही."

"मग वाढलं कसं? तितकीच हवा, जास्त जागा? माझ्या साध्या बुद्धीला पटेल असं सांग."

भिंगरीनं डोळे मिटले. पुस्तकातलं वाक्य जिभेवर आलं होतं, ते तिनं गिळलं. "समजा तुमच्या वर्गात साठ मुली आहेत. तुम्ही वर्गात आहात, त्या जागेवर बसल्यात. तुम्ही बाहेर गेलात. एकही मुलगी वाढलेली नाही, त्याच साठ. पण आता त्या पळतायत, बाकांना धडकतायत, भिंतींना धडकतायत, दार थरथरतंय. हवेचे कण तसेच. तापले की जोरात पळतात आणि गादीला आतून धडका देतात."

"मी बाहेर गेले तरी माझ्या वर्गातलं दार थरथरत नसे."

"कल्पना करा, आत्या!"

जिन्यात कुणीतरी हसलं. सेक्रेटरींनी मान वळवून पाहिलं तर ते आजोबा होते.

"बरं. केली कल्पना," आत्या म्हणाल्या. "मग ओली चादर कशाला?"

"चादरीतलं पाणी वाळताना गादीची उष्णता ओढून घेतं. आतली हवा थंड होते. म्हणजे तुम्ही वर्गात परत येता."

मग पडद्याच्या कड्या सरकल्या. मग तांब्याचा आवाज, मग ओलं कापड पसरल्याचा थप्प. मग पलंग कुरकुरला, आणि त्या क्षणीच दार अर्ध्या बोटानं पुढे गेलं. बाबा काही बोलणार होते, पण आईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

पाच मिनिटं झाली. दार तिथेच. पंक्चरवाल्यानं टोच्या या हातातून त्या हातात घेतला. भिंगरीनं फटीतून वर्तमानपत्राची घडी आत सारली. "वारा घाला, आत्या! चादरीला. जोरात!"

"मी?"

"तुमच्याशिवाय आत कुणी नाही!"

आत वर्तमानपत्र फडफडू लागलं. आधी शिस्तीत, मग तावातावानं. दहा मिनिटांनी भिंगरीनं फटीत हात घातला. पाच बोटं. बारा मिनिटांनी सहा. चौदाव्या मिनिटाला तिनं दाराला खांदा लावला, मागून बाबांनी लावला, त्यांच्या मागून पंक्चरवाल्यानंही टोच्या खिशात टाकून लावला, आणि दार गादीच्या ओल्या कडेवरून घसरत माणूस जाईल इतकं उघडलं.

आत्या पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. केस विस्कटलेले, हातात चुरगळलेलं वर्तमानपत्र. त्या उतरल्या, गादीवरून एक पाय टाकून दाराशी आल्या आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. जिना झटक्यात रिकामा झाला.

"गादीला दोष नाही," त्यांनी जाहीर केलं. भिंगरीचा जीव भांड्यात पडला. "दोष या दाराचा आहे. हे आत उघडतं. मुलीच्या खोलीचं दार बाहेर उघडतं. तेव्हा गादी घ्या आणि तिच्या खोलीत टाका. मी तिथेच झोपेन."

भांड्यात पडलेला जीव भांड्यासकट खाली पडला. बाबा गादी उचलायला वाकलेसुद्धा. भिंगरीनं आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली.

"चला आत्या, मोजू," ती म्हणाली.

तिनं खोलीची रुंदी मोजली. पाच फूट, वर एक इंच. मग गादीची रुंदी मोजली. ओल्या चादरीनं थंडावलेली असूनही पुरती पाच फूट. टेपचा आकडा तिनं आत्यांच्या चष्म्यासमोर धरला.

"इथे एसी नाही. दुपारी खोली तापणार, गादीचं आकारमान वाढणार. दोन्ही बाजूंना भिंती, मागे टेबल. म्हणजे ती कुठल्या बाजूला जाणार?"

आत्यांनी टेप पाहिली. भिंत पाहिली. भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं.

"दाराकडे," त्या सावकाश म्हणाल्या.

"आणि दार बाहेर उघडतं."

"म्हणजे मी गादीसकट हॉलमध्ये येईन."

"आजोबांच्या शेजारी," भिंगरी म्हणाली.

आत्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. आणि दातांचं काम अर्धवट असल्यामुळे जे हसू त्यांनी आल्यापासून कुणाला दाखवलं नव्हतं, ते सगळ्या खिंडारांसकट बाहेर आलं. हसता हसता त्यांनी भिंगरीच्या खांद्यावर हात टेकला. "दहापैकी नऊ," त्या म्हणाल्या. "वीज गेली तर काय, हा प्रश्न तू आधीच सोडवायला हवा होतास. एक गुण त्याचा कापला."

"मान्य," भिंगरी म्हणाली, आणि त्यांचं मन बदलायच्या आत टेबलावरची ट्रंक दोन्ही हातांनी उचलून आई-बाबांच्या खोलीत नेऊन ठेवली. ट्रंक पुस्तकांनी भरलेली होती, हात खांद्यातून निखळायची वेळ आली, पण तिनं कुणाला मदतीला बोलावलं नाही.

संध्याकाळी वीज आली. बाबांनी कपाट दुसऱ्या भिंतीला हलवलं, गादीसाठी दारापाशी हातभर जागा केली आणि गादी पुन्हा भरली, या खेपेस जरा बेतानं, आत्यांच्या देखरेखीखाली. थोड्या वेळानं त्या खोलीतून हाक आली.

"भिंगरी! गादी जरा कडक वाटते गं."

"पडदा ओढा, आत्या," भिंगरी आपल्या खोलीतून म्हणाली, आणि दार लावून घेतलं.